जागा नाही म्हणायची तालीम

आमच्या आळीत पहिला नाताळ झाला, तो पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत चुकत गेला. इतका चुकला, की अजून कुणी विषय काढला तर माझी जाऊ हातातलं काम खाली ठेवते, पदर तोंडात धरते आणि म्हणते, “नगं गं, आता नगं, पोटात दुखतंय.” मी मात्र सांगणारच.

आम्ही आष्ट्याची उसाची माणसं. नाताळ म्हणजे पोरांना शाळेला सुट्टी, यापलीकडं आमच्या घराला काही ठाऊक नव्हतं. मग माझं पोरगं बोटीवर नोकरीला लागलं. प्रवाशांची मोठी बोट, गावाएवढी म्हणतात. तिच्या भटारखान्यात हा पाव भाजायचा, आणि शेजारच्या टेबलावर एक पोरगी केकवर क्रीमची फुलं काढायची. ती फिलिपिन्सची. तिकडं सगळा देशच येशूला मानणारा, कॅथलिक. फुलं काढता काढता दोघांचं जमलं आणि एक दिवस पोरगं तिला घेऊनच दारात उभं राहिलं. मी भाकरीचा तुकडा ओवाळायला आत गेले, बाहेर येते तर ही उंबऱ्यावरचं माप लवंडून, चप्पल हातात घेऊन, स्वयंपाकघरात हजर! आता दोघांचं सांगलीला केकचं दुकान आहे. राहायला मात्र आमच्यातच.

मराठी ती माझ्याकडूनच शिकली, त्यामुळं पुस्तकी बोलत नाही. हाय, न्हाई, लय, व्हय, सगळं आमचंच. एक गोष्ट तेवढी तिच्या जिभेला बसत नाही. त्यांच्या भाषेत तो आणि ती असं वेगळं नसतंच म्हणे, दोघांना एकच शब्द. त्यामुळं आमच्या घरात बाप्या आणि बाई यांची सदा अदलाबदल.

“आत्या, मामा जेवली का?”

“जेवली गं बाई. आता हात धुती.”

पहिल्यांदा आमचे हे कावरेबावरे व्हायचे. आता त्यांनाही सवय झाली. एकदा तर स्वतःच म्हणाले, “मी शेतात गेली हुती.” आणि मग जीभ चावली.

दुसरी गंमत म्हणजे, त्यांच्यात नाताळ सप्टेंबरात लागतो. खरंच. मी गणपतीची मखरं काढून पुसत बसलेली असायची आणि ही भांडी घासता घासता नाताळाची गाणी म्हणायची. मी म्हणायची, “आगं, आधी गणपतीला येऊ दे. दोघांचा रस्ता एकच हाय, वाटंत गर्दी हुईल.”

त्या वर्षी तिला दिवस गेले. सातवा सरत आला तसा तिच्या आईचा निरोप आला, की मी येते, नाताळ तुमच्यात करते आणि लेकीला घेऊन जाते. पहिलं बाळंतपण माहेरी.

आता मी काय बोलणार? आपल्यातही तसंच असतं. मी स्वतः पहिल्या खेपेला पाटणला माहेरी गेले होते, सासूबाईंनी अवाक्षर काढलं नव्हतं. तोंड उघडायला जागाच नव्हती मला. पण मनातलं सांगू? नातवंड इथं व्हावं, त्याला पहिली आंघोळ मी घालावी, माझ्या पायावर पालथं घालून तेल चोळावं, एवढंच मला हवं होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं, की विमानात बसायचं तर या महिन्यातच, पुढं नाही. म्हणजे नाताळ झाला की गेलीच. मी कुणाला काही म्हणाले नाही. नुसती भाकऱ्या जोरात थापायची. जाऊ म्हणायची, “तवा फोडशील.”

आणि विहीणबाई आल्या. पुण्याहून गाडीनं, मोठाल्या खोक्यांसह. माझ्यापेक्षा वयानं बऱ्याच लहान, ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, आणि हसू असं की आधी हसू गाडीतनं उतरलं, मग बाई. सरळ माझ्याकडं आल्या. मी नमस्काराला हात जोडले, तर त्यांनी माझा उजवा हात धरला आणि उचलून स्वतःच्या कपाळाला लावला.

मला वाटलं, एवढा प्रवास झालाय, बाईला कणकण आलीय आणि ती मला ताप बघायला सांगतीय. मी हात पालथा करून नीट बघितलं. कपाळ गार होतं.

“न्हाई हो, ताप न्हाई,” मी म्हणाले. “पण तरी काढा देते.”

आणि दिला की! आलं, तुळस, गवती चहा, मिरी. त्या माऊलीनं तो गटागटा पिऊन टाकला, तिला वाटलं आमच्यात पाहुण्यांना हेच देत असतील. सूनबाई भिंतीला टेकून हसत होती. मग कळलं, की आपण वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो, तसं त्यांच्यात वडीलधाऱ्यांचा हात कपाळाला लावून आशीर्वाद घेतात.

काढा पिऊन झाल्यावर त्यांनी मला मिठी मारली आणि मोठ्यानं म्हणाल्या, “बलाए!”

जाऊ माझ्या कानात कुजबुजली, “तुला बला म्हणली का गं ती?”

मला पण तेच ऐकू आलं. मी सुनेकडं बघितलं. ती म्हणाली, “आत्या, बलाए म्हंजे विहीण. आमच्यात पण शब्द हाय.” मला इतकं बरं वाटलं! पोरगं सांगतं, इंग्रजीत विहिणीला धड शब्दच नाही. आणि इथं कुठल्या कुठं समुद्रापलीकडं विहिणीला शब्द ठेवलाय त्यांनी. आता तो बलेसारखा लागतो, ते काय अगदीच खोटं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लेकीला बाजूला घेऊन काळजीनं काहीतरी विचारत होत्या. सूनबाई पोट धरून खाली बसली. मी घाबरले, कळा आल्या का काय!

“न्हाई आत्या, न्हाई,” तिला हसूच आवरेना. “आमच्यात वाला म्हंजे, न्हाई. संपलं. शिल्लक न्हाई.”

“मग?”

“सकाळपासनं तुमी आणि काकी काय बोलताय? दूधवाला, भाजीवाला, पेपरवाला. आईला वाटलं, या गावात काहीच शिल्लक न्हाई.”

झालं, त्या दिवसापासनं आळीला खेळच सापडला. पोरं विहीणबाई दिसल्या की “चहावाला?” म्हणून ओरडायची आणि त्या कपाळाला हात लावून “वाला! वाला!” म्हणत मान हलवायच्या. आमच्या ह्यांना जेवायला बसल्यावर भाजी कमी पडली तर तेही “वाला का?” विचारायला लागले.

पण खरा उपयोग पुढं व्हायचा होता.

विहीणबाई रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसून बांबूच्या काड्यांची चांदणी बांधायच्या, त्याला रंगीत कागद लावायच्या. दिवाळीचा आकाशकंदील आम्ही करतो तसाच. आळीतल्या बायका जमायच्या, आणि त्या तिकडचं सांगायच्या. सूनबाई मराठी करायची, निम्म्या बायांचे बाप्ये करून. नाताळाआधी नऊ दिवस पहाटे अंधारात देवळात जायचं. बाहेर निखाऱ्यावर केळीच्या पानात तांदळाच्या पिठाचा केक भाजत असतात, तो गरम गरम खायचा. आणि चोवीस तारखेला पानुलूयान.

पानुलूयान म्हणजे राहायला जागा मागणं. येशूची आई मरिया पोटुशी होती, दिवस भरलेले होते, आणि परक्या गावात तिला आणि तिच्या नवऱ्याला कुणी घरात घेतलं नाही. त्याचं नाटक गावभर करायचं. एक पोरगी मरिया होते, एक पोरगा जोसेफ. ती दोघं दारोदार जाऊन गाणं म्हणून जागा मागतात, आणि प्रत्येक घरानं जागा नाही म्हणून परत लावायचं. शेवटचं दार उघडतं. मग मोठा आनंद, खाणंपिणं.

“आत्या, मला लहानपणापासनं मरिया व्हायचं हुतं,” सूनबाई म्हणाली. “पण दर वर्षी मला मेंढरू करायचे. माझी उंची कमी म्हणून.”

“मग आता हो की,” जाऊ म्हणाली. “आता तर पोटाला उशी बांधायची पण गरज न्हाई.”

जाऊ गमतीनं बोलली, पण विहीणबाईंचे डोळे चमकले. तिथल्या तिथं त्यांनी आळीतली दारं मोजली आणि ठरवून टाकलं. पहिलं दार जावेचं, दुसरं समोरच्या जैन काकींचं, तिसरं सुभेदार भावजींचं. ही तीन दारं नाही म्हणणार. चौथं आमचं, ते मी उघडायचं. शब्द सगळ्यांना एकच पाठ करायचा, वाला.

आणि मग सुरू झाली नाही म्हणायची तालीम. विहीणबाईंच्या हातात उलथनं. जाऊ दारात उभी.

जोसेफ म्हणजे आमचं पोरगंच. ते म्हणालं, “काकी, आमाला रातच्याला जागा मिळंल का?”

“मिळंल की.”

“वाला!” विहीणबाईंनी उलथनं आपटलं.

“आवं पण पोटुशी बाईला न्हाई कसं म्हणायचं?”

“काकी, नाटक हाय,” पोरगं म्हणालं.

“नाटकात पण? बघणारी काय म्हणतील मला?”

सारखं सारखं करून घेतलं तेव्हा कुठं तिच्या तोंडातनं वाला निघालं, तेही असं, की मागणाऱ्याला वाटावं ही सरबत विचारतीय.

जैन काकी म्हणाल्या, “माझी काळजी करू नका. आमचं जेवण दिवस मावळायच्या आत उरकतं. गॅस बंद, भांडी पालथी. मी खरंच वाला.” त्यांनी तालमीत एकदम ठणठणीत म्हणून दाखवलं.

सुभेदार भावजी मात्र रंगात आले. फौजेतनं येऊन किती वर्षं झाली, पण हुकूम द्यायला कुणी सापडलं नव्हतं. छाती काढून ते असं “वाला!” गरजले, की कट्ट्यावरची मांजर भिंतीवर गेली. विहीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. सूनबाई म्हणाली, “ती सुभेदार लय भारी हाय!” आणि भावजी मिशीला पीळ देऊन लाजले.

सगळं ठरलं, आणि मग जावेनं कॅलेंडर बघितलं.

“आगं, चोवीस तारखेला गुरुवार हाय. मार्गशीर्षातला.”

आता हे आमच्या बायकांना सांगायला नको. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरात लक्ष्मीचा घट मांडलेला असतो. दिवसभर उपास. तिन्हीसांजेला दारं सताड उघडी ठेवायची, लक्ष्मी कुठल्या रूपानं येईल सांगता येत नाही. येणाऱ्या सवाष्णीला कुंकू लावून, काहीतरी हातात देऊनच पाठवायची. आणि त्याच दिवशी, त्याच तिन्हीसांजेला, भरल्या पोटाची सवाष्ण दारात येणार आणि तिला नाही म्हणायचं!

मी विहीणबाईंना समजावून सांगितलं, की एक दिवस पुढं ढकलू. त्या हसल्या. नाताळ पुढं ढकलत नाहीत म्हणाल्या. बरोबरच आहे, माझा गुरुवार तरी मी कुठं शुक्रवारी केला असता?

चोवीस तारीख उजाडली. शेतात उसाला तोड आलेली, त्यामुळं आमचे हे आठवडाभर तिकडंच, तोडकऱ्यांच्या टोळीच्या मागं. घरात काय चाललंय याचा त्यांना पत्ता नाही. मी घट मांडला, उपासाचं केलं, सूनबाईला माझी निळी इरकल नेसवली, कारण मरियाला निळंच लागतं म्हणे. डोक्यावरनं पदर, हातात हिरव्या बांगड्या. पोरानं बापाचं धोतर आणि घोंगडं घेतलं. विहीणबाईंनी चांदणीत बल्ब लावून ती काठीला बांधली आणि गाणं सुरू केलं. दिवेलागणीची वेळ. आळीतली पोरंटोरं मागं. अर्थ कुणाला कळत नव्हता, पण चाल पकडून सगळी आऽआऽ करत होती.

माझं काम घरात थांबायचं होतं. पण जावेचं दार म्हणजे चार पावलांवर. म्हटलं, हिचं वाला तेवढं ऐकून येते. दार उघडंच ठेवून मी सटकले.

जावेनं दार वाजवायची वाटच बघितली नाही. उघडंच होतं, आणि ती दारातच कुंकवाची वाटी घेऊन उभी. पोरानं गाण्यात जागा मागितली. जाऊ म्हणाली, “वा...” आणि सुनेकडं बघितलं. निळं लुगडं, वर आलेलं पोट, चांदणीचा उजेड तोंडावर. संपलं.

“आधी आत ये. तिन्हीसांजेची उंबऱ्यात उभी ऱ्हाऊ नगंस.”

“काकी, न्हाई म्हणा,” पोरगं हळूच म्हणालं.

“म्हणती की. आत येऊन बस म्हणावं तिला, मग म्हणती.”

“वाला! वाला!” मागनं विहीणबाई.

“व्हय व्हय, वाला, वाला,” असं म्हणत जावेनं सुनेला पाटावर बसवली, कुंकू लावलं, आणि ओटीत तांदूळ, नारळ, खण घातला. वर पोराला म्हणते, “जोसेफ, तू पण च्या घे.”

विहीणबाईंनी कपाळावर हात मारला, पण त्यांच्याही हातात केळं आलं होतं. केळं खात वरात पुढं निघाली. आता मी घरी जायला हवं होतं. पण जैन काकींचं ठणठणीत वाला चुकवायचं कसं?

काकी दारात उभ्या. घर चिडीचूप, ओटा पुसलेला. पोरानं जागा मागितली.

“वाला,” काकी म्हणाल्या. अगदी स्पष्ट.

विहीणबाईंनी मला कोपरानं ढोसलं, बघ, याला म्हणतात नाटक. सूनबाईनं मान खाली घातली आणि इतक्या दुःखानं वळली, की मेंढरू म्हणून तिला फुकट घालवलं होतं असंच मला वाटलं.

“थांब गं,” काकी.

वळली.

“कोरडं काहीतरी घेऊन जा.” आणि आतनं डबा आला, खारीक-खोबऱ्याच्या लाडवांचा. “चूल खरंच बंद हाय बाळा. मी आता तोंडात पाणी पण घ्यायची न्हाई. पण दिवस माझा मावळलाय, तुझ्या पोटातल्याचा न्हाई. खा.”

विहीणबाई लाडू चावत चावत रागावल्या होत्या. रागावलेल्या माणसाचे गाल लाडवानं फुगले की राग काही कुणापर्यंत पोचत नाही.

राहिली भिस्त भावजींवर. आणि खरंच, सगळ्या आळीत एकच दार बंद होतं. भावजींनी कडी घालून घेतली होती. पोरानं काठीनं दार वाजवलं.

“कौन है?” आतनं आवाज आला.

“लांबनं आलोय. बायको अवघडलीय. रातीपुरती जागा मिळंल का?”

दार धाडकन उघडलं. भावजी फौजेतला कोट घालून, पदकं लावून. “वाला! बिलकुल वाला! चलो, आगे बढो!”

काय सांगू, काटा आला अंगावर. विहीणबाईंनी आनंदानं उडी मारली, चांदणी काठीवर गरागरा फिरली. पोरांनी शिट्ट्या घातल्या. आणि तेवढ्यात आतनं सुभेदारीणबाई आल्या, हातात आरतीचं ताट घेऊन. त्या आठवडाभर साताऱ्याला लेकीकडं होत्या. दुपारीच परत आलेल्या. त्यांना तालमीतलं काहीच ठाऊक नव्हतं.

“कुणाला हाकलताय?”

“आगं, ते...”

“गुरुवारचं? घट मांडलेला असताना? दाराला कडी कुणी घातली? शेजारची पोटुशी पोर दारात आलीया आणि आगे बढो? कोट घालून?”

“आगं, नाटक हाय हे!”

“घाला चुलीत तुमचं नाटक! आवं, जरा पोरीच्या तोंडाकडं तरी बघा.”

भावजींनी बघितलं. आणि काय झालं कुणास ठाऊक, एवढा दांडगा गडी, हनुवटीच थरथरायला लागली. “पोरी,” म्हणाले, “माझ्या मनात तसं न्हवतं गं. मला सांगितलं हुतं म्हणून म्हणलो.”

“आई गं,” सूनबाई म्हणाली, “ती सुभेदार रडती!”

त्यावर पहिले भावजीच हसले, डोळे पुसत. मग सुभेदारीणबाईंनी ओटी भरली, आणि भावजी कोटासकट वरातीत शिरले. सुनेच्या हातातलं तांदळाचं, नारळाचं ओझं स्वतःकडं घेतलं आणि वाटेत भेटेल त्याला सांगत सुटले, “मी आपलं हुकमानुसार बोललो.”

आता शेवटचं दार. उघडायचं दार. म्हणजे माझं! मी पदर खोचला आणि सगळ्यांच्या पुढं पळत सुटले, या वयात, उपासाच्या पोटी. म्हटलं, आत शिरून दार ओढून घेते आणि यांनी वाजवलं की उघडते.

आणि बघते तर आमच्या दाराला हे भलंमोठं कुलूप.

झालं होतं असं, की आम्ही वळणापलीकडं भावजींच्या दारात असताना आमचे हे शेतातनं बॅटरी न्यायला घरी आले. घरात चिटपाखरू नाही, दार सताड उघडं. सगळ्या बायका घर टाकून कुठंतरी हिंडायला गेल्या असं समजून त्यांनी शहाणपणानं कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली, आणि परत उसात गेले. हे आम्हाला नंतर कळलं. त्या घडीला मी नुसती कुलूप हलवत उभी. पोरानं त्यांना फोन लावला. फोन घरात वाजायला लागला, देवघराशेजारी चार्जिंगला लावलेला.

गुरुवारचं, तिन्हीसांजेचं, सगळ्या आळीत कुलूप लागलेलं घर एकच, आणि ते माझं! लक्ष्मी आत, आम्ही बाहेर.

गाणं म्हणत वरात आली. विहीणबाईंनी कुलूप बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला! “बलाए!” म्हणून त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. त्यांना वाटलं, तीन दारं फुकट गेली म्हणून मी ऐनवेळी लाज राखली. खरंखुरं नाही म्हणणारी एक तरी निघाली!

“आई,” पोरगं कळवळून म्हणालं, “हे उघडायचं हुतं गं.”

मला हसू का रडू कळेना. जाऊ तर तिथं भुईवरच बसली, तोंडात पदर. आणि सूनबाई पायरीवर टेकली. भावजींनी तिच्या मांडीवर दोन घरच्या ओट्या ठेवल्या, खण, नारळ, वर लाडवाचा डबा. पाय पुढं पसरले आणि म्हणाली, “बास. मी आता कुठं जात न्हाई.”

महिनाभर माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. मला दुसरं काही ऐकू येणंच शक्य नव्हतं.

“खरंच गं?” मी तिच्यापुढं उकिडवी बसले. “न्हाई जात? इथंच बाळंतपण?”

सूनबाई माझ्याकडं बघत राहिली. विहीणबाई पोराला विचारायला लागल्या, काय झालं, काय म्हणाली. पोरानं सांगितलं. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि लेकीला त्यांच्या भाषेत हळू आवाजात विचारलं.

सूनबाईनं आईकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग ओटीतल्या तांदळावरनं हात फिरवला आणि मान हलवली. मान हलली ती होय म्हणून.

विहीणबाई तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. तिच्या ओटीतला एक नारळ उचलून उगीच कानाशी हलवून बघितला, पाणी आहे का म्हणून. डोळ्यात पाणी होतंच. मग काहीतरी भराभरा बोलल्या.

“काय म्हणत्यात?” मी पोराला विचारलं.

“म्हणत्यात, ही न्हाई तर मी पण जात न्हाई. बाळ हुईस्तोवर इथंच. पण पहिली आंघोळ त्या घालणार.”

“अजिबात न्हाई!” मी म्हणाले. “आंघोळ मी घालणार. त्यांना सांग, मी महिनाभर...”

“वाला!” विहीणबाई ओरडल्या.

“तुमी वाला!”

“आवं, तुमी दोघी गप ऱ्हावा,” सुभेदारीणबाई म्हणाल्या, “एकीनं चोळा, एकीनं पाणी घाला.” आणि त्यांनी घरनं प्रसादाची खीर आणली. जावेनं चहाचं पातेलं आणलं. जैन काकींनी जाजम टाकलं, स्वतः काही न खाता सगळ्यांना वाढलं. सगळा नाताळ बंद दारापुढं, अंगणात झाला. चांदणी कुलपाच्या वर लटकत होती. आमचे हे उसातनं अंगाला पाचट लावून आले तेव्हा त्यांना आत जायला वाट नव्हती. “दारात का बसलाय सगळी?” म्हणाले. सगळ्यांनी सरकून जागा केली, हातात खीर दिली.

बाळ सांगलीच्या दवाखान्यात झालं. मुलगी. घरी आल्यावर न्हाणीत दोन पाट मांडले. मी पाय पसरून बसले, चोळायला मी, पाणी घालायला विहीणबाई, त्या दिवशी ठरलं तसं. मी बाळाला उघडं करत होते तेव्हा सूनबाई दाराशी टेकून उभी होती.

“आत्या, एक सांगू? त्या दिवशी मी दाराचंच म्हणलं हुतं. पाय लय दुखत हुते.”

“म्हंजे?”

“म्हंजे, आता आणखी कुठल्या दारात जात न्हाई. एवढंच. तुमाला वाटलं फिलिपिन्सला.”

मी हातातलं तेल विसरले. “मग आईनं विचारलं तवा सांगायचं न्हाई व्हय?”

“सांगणार हुते. तुमी खाली बसला हुता ना, माझ्यापुढं, तसंच बसून राहिला. मग मी म्हणलं, बघू या, व्हय म्हणून कसं वाटतंय.” ती हसली. “लय बरं वाटलं.”

मी काही बोलणार, तेवढ्यात विहीणबाईंनी तांब्यात बोट बुडवून बघितलं आणि माझ्यावर वस्सकन ओरडल्या. शब्द कळले नाहीत, पण पाणी निवायला लागलं होतं. मी पोरीला पायावर पालथी घातली.